नऊ वाजता

अमावास्या जवळ आली की लोल्वेच्या पाण्यावर गाव वसतं.
शेकडो दिवे, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर.
ओमेनाची बारीक मासळी उजेडाला भुलते
आणि आमचे पुरुष अंधाराला.
चांदणं पडलं की घरी असतात, कामाचे नसतात.

ओचोला, तुझा दिवा मी ओळखते.
काचेला डावीकडून तडा आहे,
उजेड जरा लंगडतो.

नऊला मी किनाऱ्यावर येते
सुकत घातलेल्या जाळ्यांना वळसा घालून,
कंदील तीनदा वर-खाली करते.
म्हणजे: घे.
तू तुझा दिवा एकदा पाण्याशी टेकवतोस.
म्हणजे: घेतली.
एवढंच आपलं रात्रीचं बोलणं.
शेजारची अपोंडी म्हणते, बारा वर्षं झाली लग्नाला,
अजून किती ते लाड.
म्हणू दे.

गोळ्यांच्या बाटलीत तू कापूस कोंबलास
चालताना वाजू नये म्हणून.
कापूस माझ्या उशीतला.
मी बघितलं, उशी शिवून टाकली, बोलले नाही.

कुठून आणलंस हे, असं मी विचारलंच नाही
असं लोकांना सांगायला बरं वाटतं.
विचारलं. तीनदा.
एकदा तर हातात उकळत्या पेजेचा डाव होता.
तू मान खाली घालून जाळ्याची गाठ सोडवत राहिलास.
गाठ नव्हतीच तिथे, मी नंतर पाहिलं.
माझं रक्त तपासलं, नर्स म्हणाली, तुला नाही.
सुटल्यासारखं वाटलं
आणि मग घरी येईपर्यंत त्याचीच लाज.

मार्चमध्ये होमा बेच्या दवाखान्यात
नर्स अडोयोने बाटली टेबलावर उपडी केली,
बोटाने दोन-दोन सरकवत मोजल्या.
अकरा.
"एकही उरायला नको होती," ती म्हणाली,
तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून.

अकरा रात्री मी कंदील हलवला होता
आणि अकरा रात्री तुझा दिवा पाण्याला टेकला होता.

परतताना मोटारसायकलवर तुझ्या मागे बसले,
कंबरेला धरलं नाही.
अख्खी वाट धूळ खाल्ली आणि शिवी शोधत राहिले
माझ्या आईच्या गावच्या बोलीत,
तिथे शिव्या चांगल्या पिकतात.

रात्री तू म्हणालास, होडीत चौघं असतो.
नुसतं पाणी प्यायलो तरी विचारतात, काय प्यायलास.
ओकुमूच्या भावाचं ताट वेगळं ठेवलं होतं, याच होडीत.
तो गेला तेव्हा ताटाला हात लावेना कुणी,
वल्ह्याने ढकललं पाण्यात.
मला ते ताट दिसतं, तू म्हणालास. नऊ वाजता.

मी काय म्हणणार होते?
परात मधे ओढली, कुओन मोडला,
तुझ्या बाजूचा तुकडा मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी कंदील नेला नाही.
तिसऱ्याही.
रागाने नाही; खोटं उत्तर मागायला
कुणी हात का दुखवून घ्यावा.
(राग होताच. उगीच कशाला लपवू.)

चौथ्या संध्याकाळी तू जाळं खांद्यावर टाकून निघालास
आणि बाटली वाजली.
खिशात, पावलागणिक, खुळखुळ्यासारखी.
पोरांनी वळून पाहिलं. होडीला टेकलेल्या ओकुमूनेही.
कापूस उशाशी पडला होता, चपटा, बाटलीच्या आकाराचा.

नऊला मी धावत गेले. पायात एकच चप्पल.
तीनदा.
लंगडा दिवा टेकला पाण्याला.
आणि मग, बरंच डावीकडे,
खडकापलीकडच्या होड्यांतून
आणखी एक दिवा खाली गेला, वर आला.

सकाळी मासळीचे डबे मोजून घेताना
मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.
विचारलं नाही कुणाला.
फक्त आता कंदील जरा उंच धरते,
तिकडूनही दिसावा म्हणून.