बदली

कृतीत लिहिलंय: कॅरामेल माल्ट, साठ नंबरचा, पाव किलो.
नागपूरचा दुकानदार फोनवर हसला.
घाटंजीत तर विचारायचं कोणाला?

मग ज्वारीच भिजवली.
गोणपाटाखाली तीन रात्री मोड काढले,
ओलीच डब्यात कोंबून चुलीच्या उबेला ठेवली,
दाण्याच्या आत साखर धरावी म्हणून,
आणि मग तव्यावर.

धुरपता मडावी मोह वाळवता वाळवता कुंपणावरून पाहत होती.
"वास बदलला का उतरव.
रंगाची वाट पाह्यशील तं जळन."
मी रंगाची वाट पाहिली.

जळलेला घाणा टाकला नाही.
वहीत काळ्या माल्टपुढे मांडला, मूठभर.
दुसरा नाकाने भाजला:
आधी उकडलेलं कणीस, मग गूळ,
मग शेंगांची टरफलं.
तिथंच उतरवला.

अठराव्या दिवशी बाटली फुस्सकन उघडली.
धुरपताने घोट तोंडात घोळवला.
"अशीच असते का थे असली?"

मला काय माहीत.
साठ नंबर मी नुसता वाचलेला,
जिभेवर कधी आलाच नव्हता.

"मंग बदली कायची?" ती म्हणाली,
आणि पेल्याच्या बुडाशी बसलेला गाळ
बोटाने चाटून पाहिला.