दुसरं भोक

परवा वादळ सुवैकला लागणार म्हणतात,
आणि मी उम्म रय्यानच्या गच्चीवर
लेव्हलची नळी धरून उकिडवा.
चार कोपरे, चौघांचे उतार चौघांकडे.
ही गच्ची उन्हासाठी बांधलेली:
खजूर वाळवायला, डिश लावायला,
जूनच्या रात्री गाद्या टाकायला.
पाणी इथं वर्षा-दोन वर्षांचा पाहुणा,
त्याला दार कुणी दाखवलेलंच नाही.

दार आहे तसं, मूठभर,
वायव्येच्या कठड्यात. त्यात पारव्याचं घरटं:
काड्या, केबलचे तुकडे, दोन अंडी.
इद्रिस म्हणाला, उचलू?
म्हातारी जिन्यातूनच ओरडली, ला, ला!

मग काय.
टाकी दोराने आवळली,
डिश उतरवून पालथी घातली,
डांबरी पट्टा बर्नरने भाजत
कठड्यावर वीतभर चढवला,
उतार सिमेंटने फिरवला
आणि घरट्यापासून चार हात लांब
ड्रिलने दुसरं भोक पाडलं.

दापोलीहून सफूराचा मेसेज:
पागोळ्या आता घरात गळतात. पत्रा कधी?
लिहिलं, पुढच्या पगाराला.
गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं,
जरा वर सरकवलं की दिसतं.

वादळाच्या रात्री कॅम्पमध्ये कुणी झोपलं नाही.
पहाटे चारला म्हातारीचा फोन,
वाऱ्यात अर्धा तुटलेला:
पडतंय रे, पडतंय!
छत?
छे. पाणी. तुझ्या भोकातून, अंगणात.

फोन ठेवला.
दापोलीचा नंबर लावला, आणि
एक रिंग जायच्या आत कापला.