दुहेरी बंध

विंडहुकला नदी नाही.
म्हणजे आहे, नकाशात. वर्षातून चार दिवस वाहते,
एरवी तिच्या पात्रात पोरं फुटबॉल खेळतात.
म्हणून हे शहर स्वतःचंच पाणी पुन्हा पितं,
न्हाणीतलं, मोरीतलं, नको तिथलंही,
आणि त्याबद्दल फार बोलत नाही.

रात्रपाळीला तुयेनी असते.
काचेच्या नळ्यांत जांभळी वीज कुजबुजते,
ऑक्सिजनच्या जोडीला तिसरा येऊन चिकटतो.
तिघांचं काही जमत नाही;
एक जण भांडण शोधत बाहेर पडतो.
त्याच भांडखोराला ती पाण्यात सोडते.

पाण्यात काय नसतं?
कुणाची झोपेची गोळी,
कुणाची मूल नको म्हणून घेतलेली,
कुणाची फिटवरची.
ही शेवटची तिला पाठ आहे:
सकाळी एक, रात्री दीड, बाजरीच्या घाट्यानंतर.
पंधरा वर्षं तिनेच ती आईच्या तळहातावर ठेवली.
त्या रेणूत एक दुहेरी बंध असतो,
ओझोन नेमका तिथेच चावतो.

जूनमध्ये आई गेली.
जुलैचा अहवाल तुयेनीने दोनदा वाचला.
येणाऱ्या पाण्यातला तो आकडा
तिळभरही हलला नव्हता.
एवढ्या शहरात एक तळहात कमी झाला,
पाण्याला कुठून कळणार?
जाणाऱ्या पाण्याच्या रकान्यात नेहमीचंच:
आढळले नाही.

तिने सही केली.
शेवटच्या नळाखाली पेला धरला,
उभ्यानेच रिकामा केला,
आणि तो पालथा घालायचं विसरून
कितीतरी वेळ
पंपाचा आवाज ऐकत राहिली.