सात रस्त्यावरून परत

सात रस्त्याला रिक्षा पोचली आणि माझ्या पोटात गोळा आला:
इस्त्री बंद केली का?
राजमणीनं मान वळवली नाही.
विजापूर रोडला लग्न, मुहूर्त बारा-दहाचा,
तिच्या मांडीवर आहेराचे टॉवेल, डोक्यावर चौरेचाळीसचं ऊन,
आणि मी रिक्षावाल्याला म्हणतोय, "वळवा."

चौतीस वर्षं मी मागावर काढली.
गलक्यातही एक धागा तुटला तर कानाला कळायचं.
पण घरातल्या यंत्रांवर माझा भरवसा नाही.
फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का
हे बघायला मी मोबाइल शूटिंगला लावून आत ठेवला होता.
विझतो.
मोबाइल मात्र दोन दिवस सर्दी झाल्यासारखा बोलत होता.
मिक्सरची वायर काढून मी तिला गाठ मारतो.
वॉशिंग मशीन पिळताना पुढं पुढं येतं,
म्हणून एकदा दाराला बाहेरून कडी घातली,
आत राजमणी होती.

दत्त नगरात परत आलो. कुलूप उघडलं.
टेबलावर इस्त्रीच नव्हती.
तीन आठवड्यांपासून ती इरण्णा हत्तुरेच्या दुकानात पडलीय, कॉइल गेली म्हणून.
"मग हा शर्ट?" मी विचारलं.
"लाँड्रीतला. बारा रुपये. तुम्हीच दिलात की ओ."

मी हसणार होतो.
तेवढ्यात वास आला.
मागाची मोटर जळताना यायचा, तसा, पण गोडसर.
पलंगाखाली, घडी घातलेल्या चार चादरींच्या मागं,
माझा एक्स्टेन्शन बोर्ड:
त्यावर कूलर, त्यावरच फ्रिज, पाण्याची मोटर,
वायरच्या जोडाला मी स्वतः लावलेली सेलोटेप,
आणि बोर्डाचा रंग कडक भाकरीसारखा.
एका चादरीच्या दशांना
बोटभर ज्योत.

मी माठाकडे धावलो.
पाच दिवसांनी आलेलं पाणी, तरी तांब्या गच्च भरला.
तिनं मनगट धरलं.
"पाणी नको. आधी मेन."
खटका पाडला. घर एकदम गप्प झालं,
फ्रिजसुद्धा.
मग तिनं झाडूच्या काठीनं चादर बाहेर ओढली,
अंगणात टाकली, चपलेनं विझवली.
बोर्डावर शेजारच्या बांधकामावरची वाळू ओतली, दोन घमेली.
दार उघडंच ठेवलं होतं तिनं, पहिल्यापासून.
मला ते नंतर दिसलं.

संध्याकाळी इरण्णा आला.
बोर्ड उलटा करून पाहिला, मग मला पाहिलं.
"मिक्सरला गाठ मारायलाव, आणि मोटर ह्याच्यावर?"
फ्रिजला भिंतीतलं वेगळं पॉइंट दिलं,
कूलरला अर्थिंग,
आणि जाता जाता, कुणी विचारलं नसताना,
गॅसची नळी बोटानं दाबून त्यावरची तारीख मोठ्यानं वाचली.
दोन वर्षांपूर्वीच संपली होती.
राजमणीनं तो महिना दोनदा वाचायला लावला.
"वास आला तर बटणाला हात लावायचा नाही," तो म्हणाला,
"चालूही नाही, बंदही नाही.
रेग्युलेटर बंद, खिडक्या सताड, आणि बाहेर येऊन फोन."

आता कढईशेजारी तिच्या मापाचं झाकण असतं.
तेल पेटलं तर झाकायचं, खालचा गॅस बंद,
कढई उचलून पळायचं नाही.
हे ती मला सांगते, मी तळत नाही तरी.
रात्री कुलपाची किल्ली दारामागच्या खिळ्याला,
अंधारात हात जाईल तिथं.
धूर झालाच तर रांगत यायचं, म्हणे.
मी एकदा रांगून पाहिलं.
पलंगापासून दारापर्यंत गुडघे तेरा वेळा टेकतात.
ती पाहत होती, काही बोलली नाही.

लग्नाला आम्ही जेवणाच्या शेवटच्या पंगतीला पोचलो.
कुणीतरी विचारलं, उशीर?
"इस्त्री," राजमणी म्हणाली, आणि वाढप्याला हाक मारली.

इस्त्री अजून इरण्णाकडेच आहे.
परवा देतो म्हणतो, त्यालाही आठ दिवस झाले.
मी रोज फिरायला त्याच्याच गल्लीतून जातो,
काचेतून आत डोकावतो.
बंद आहे.