हात तेलाचे आहेत

गिरिजा, तू विचारलंस
घरच्यांना ऑनलाइन शाळेसाठी कसं पटवलंस.
तुला तिकडं इचलकरंजीत उत्तर लगेच हवंय,
आज रात्रीच्या जेवणाआधी.
थांब जरा. मला चार महिने लागले.

आधी सगळं चुकीचंच केलं.
दीड दिवस जेवलो नाही.
मम्मीनं पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यावरचं झाकण काढलं,
बोलली काहीच नाही.
सीपीआरमध्ये नर्स आहे ती,
उपाशी माणूस किती तग धरतो, तिला पाठ आहे.

मग अमक्याच्या पोराला परवानगी आहे म्हणालो.
पप्पा म्हणाले, जा की मग अमक्याकडं ऱ्हायला.
मग एक व्हिडिओ दाखवला.
टायवाला माणूस, पाठीमागं खोटी पुस्तकं.
पप्पांनी आवाज बंद करून पाहिला.
ह्याचा टाय दुसऱ्यानं कुणीतरी बांधलाय, एवढंच.

तुला माहितेय, उद्यमनगरात त्यांची लेथ आहे.
जॉब नुसता हातात घेऊन सांगतात, पाऊण सूत जादा हाय.
लांबून शिकणं म्हणजे त्यांना
लांबून नट आवळल्यासारखं वाटतं.
आणि मम्मी, नाइट करून दिवसा झोपणारी:
दिवसभर तू आणि तो लॅपटॉप, दोघंच?
पोरगं मुकं होईल.

बोलून गेली, आणि मग
बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच.

मी कुठं अडकतो ते तू बघितलंयस.
'श'वर. 'म'वर. म्हणजे हजेरीला, स्वतःच्याच नावावर.
वर्गातली पोरं माझा शब्द माझ्याआधी पुरा करतात.
वाईट नाहीत ती. घाई असते त्यांना.
सरांनाही पोर्शन असतो.
नववीत मी उत्तर येत असूनही 'येत नाही' म्हणायला लागलो,
कारण 'येत नाही' मला न अडखळता येतं.

हे कुणाला सांगितलं नव्हतं.
एका कोऱ्या जॉब कार्डावर लिहिलं सगळं.
फी किती, परीक्षा कुठं, प्रॅक्टिकल कोण घेणार,
लाइट गेली तर काय, नापास झालो तर काय.
आणि ते 'येत नाही'चंही, अगदी शेवटी, बारीक अक्षरात.
शेडवर नेऊन पप्पांच्या पुढं धरलं.

हात तेलाचे आहेत, म्हणाले. तूच वाच.

पहिलाच शब्द शाळा.
श. श. श.
शेजारी ग्राइंडर चालू होता,
त्यालाही तेवढंच येत होतं.
सादिकमामानं ओठ हलवले, देतच होता शब्द,
पप्पांनी तेलकट हात वर केला
आणि मशीन बंद केली.
पट्टा फिरत फिरत थांबला.
श.
मी पंधरा वर्षांचा आहे गिरिजा,
एवढा वेळ मला कुणी दिला नव्हता.
शाळा, म्हणालो.
हं, पप्पा म्हणाले. फुडं.

एका कार्डाला पाऊण तास.
चहावर साय धरली.
'लाइट गेली तर' आल्यावर ते म्हणाले,
जुना इन्व्हर्टर बघू कुठं मिळतोय का.
बारीक अक्षर आलं तेव्हा
पुसायच्या चिंधीनं एकच बोट पुसत बसले.

दिवाळीपर्यंत, बघू. असं ठरलंय.
आणि अट: रोज पाच ते सात शेडवर यायचं,
गिऱ्हाइकांचे फोन मी घ्यायचे.
फोन, गिरिजा. मी.
मम्मी शिफ्टला निघताना चपलेत पाय घालत म्हणाली,
मी झोपले तरी दार उघडंच असणार.
मोठ्यानं वाचत जा.

तुझं कारण काय ते मला माहीत नाही.
तुझ्याकडं पण असेल काहीतरी बारीक अक्षरातलं.

काल कागलहून फोन आला.
म, म, मंदार बोलतोय, म्हणालो.
रेंज नाय वाटतं भावा, तो म्हणाला, परत बोल.
रेंज चांगली होती.
मी परत बोललो.