साखरेचा दाणा

मोदिकात दुपारी सगळी दारं बंद असतात.
एकच उघडं, दगडी जिन्याच्या पोटात.
तिथे आम्ही सहा जण ॲप्रनच्या नाड्या बांधत उभे:
ल्योंचे नवरा-बायको, त्यांचा जांभया देणारा मुलगा,
त्रिएस्तच्या एक निवृत्त नकाशाकार बाई,
तू आणि मी.

पैसे तू मार्चमध्येच भरले होतेस.
म्हणालास, चॉकलेट आणि वर वाइन, सुट्टीला आणखी काय हवं?
मी हो म्हणाले.
जानेवारीतल्या त्या तापानंतर
माझ्या नाकाने घर सोडलंय,
हे तुला धड सांगितलं नव्हतं.
"जरा कमी येतो वास," एवढंच.
जिने आयुष्यभर नाकाने कांदे सोलले,
तिला आता कांदाही ओळखू येत नव्हता.

इन्यात्सियाबाई सत्तरीच्या, मनगटं सुताराची.
त्यांनी मधोमध ठेवला पाटा,
काळ्या लाव्ह्याचा, पाठीत वाकलेला, पोटाखाली निखारे.
"डोंगरातून आलाय," म्हणाल्या,
"एकदा तापला की लवकर विसरत नाही."

रगडलं आम्ही. पाळीपाळीने.
भाजलेल्या कोकोचा आधी भुगा, मग चिखल,
मग अचानक चकाकी,
जशी पावलं उमटून गेल्यावर ओल्या रेतीला येते.
तेव्हा साखर. आणि लगेच निखारे बाजूला.
"साखर विरघळली तर ते चॉकलेट दुसऱ्या गावाचं.
इथे दाण्याला दाणाच राहू द्यायचा."

बाईंचा जावई सारो बाटल्या घेऊन आला.
काळसर लाल वाइन, मग मधाच्या रंगाची,
वाळवलेल्या द्राक्षांची, बेटावरून आणलेली.
एक घास, एक घोट, आणि जे जाणवेल ते बोला.
ल्योंचे गृहस्थ म्हणाले, "चेरी. ओलं चामडं."
मुलगा म्हणाला, "शाळेचं दप्तर."
सगळे हसले, सारो मात्र हसला नाही,
म्हणाला, "बरोबर आहे त्याचं."
नकाशाकार बाई बराच वेळ डोळे मिटून:
"शाई. आणि कुणीतरी खोलीतून नुकतंच गेलंय."

मग माझी पाळी.
तू माझ्याकडे बघत होतास, मार्चपासून.
"दालचिनी," मी म्हणाले.

वाट्या गोळा करताना इन्यात्सियाबाई
माझ्यापाशी थांबल्या. आवाज खाली.
"दालचिनी त्यांच्यात होती.
तुमच्यात मी काहीच घातलं नव्हतं."
कान तापले माझे.
त्यांनी पत्र्याच्या साच्यांचा ट्रे माझ्या हातात दिला.
"तुम्ही हे आपटा. ह्याला नाक लागत नाही."

आपटले. संगमरवरावर, दोन्ही हातांनी.
खडखड, खडखड, पत्रा सुटा, लगदा हट्टी,
मध्ये हवेचे बुडबुडे.
मग हळूहळू आवाज जाड होत गेला,
खडखडीतला एक ख गळाला, मग दुसरा,
आणि एका फटक्याला नुसतं
ठप.
"झालं," मी म्हणाले, कुणी विचारायच्या आत.
बाईंनी वाकून पाहिलं. मान हलवली.
दिवसभरात फक्त तेवढं मी खरं बोलले होते.

संध्याकाळी जिना चढताना
तू कागद सोडून एक तुकडा मोडलास, अर्धा मला.
दातांखाली दाणे फुटले,
कवटीच्या आतून ऐकू आले, एकेक, स्पष्ट,
जशी अनोळखी घरातली पावलं.
"कसं लागतंय?"
"वाजतंय," मी म्हणाले.
आणि मग, दोन पायऱ्यांनंतर:
"चव नाही येत मला. वासही नाही. जानेवारीपासून."

तू थांबलास.
खालच्या गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर वर सरकवलं.
"म्हणजे मी पैसे भरले तेव्हा…"
"तेव्हाही."
तू काहीतरी म्हणालास, की हसलास,
मला नीट कळलं नाही.
माझ्या तोंडात अजून साखर करकरत होती.