हसतील त्यांचे दात

ओळखपत्रावरच्या फोटोत गाद्दिसेचं तोंड मिटलेलं.
पदवीच्या फोटोतही. शेजारी अख्खी स्थापत्य शाखा
टोप्या उडवत खिदळतेय, आणि ही
जिभेखाली काही धरून ठेवल्यासारखी.
हसतील त्यांचे दात दिसतील,
हे तिच्याइतकं शब्दशः कुणी पाळलं नसेल.

मेकीच्या पलीकडे, दरीच्या उतारावर
गावच्या विहिरीचं पाणी गोड, नितळ;
काचेच्या पेल्यातून पलीकडचा बाप स्पष्ट दिसायचा.
त्याच पाण्यानं सगळ्यांचे दात चहात बुडवल्यासारखे केले
आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना कुलपं घातली.
लोक म्हणत, आमच्याकडचे दातच असे.
जसं एखाद्या घराण्याचं नाक.

पहिली नोकरी रस्त्यावर.
मोऱ्या, चर, पाइप. पाणी आलं की बाजूला काढायचं,
दोन वर्षांत पाण्याशी बोलणं एवढंच.
छावणीसाठी बोअर मारली तेव्हा
अदिसहून आलेल्या अहवालात एका ओळीखाली लाल रेघ:
फ्लोराइड, लिटरला अकरा मिलिग्रॅम.
कंत्राटदारानं कामगारांसाठी टँकर मागवला
आणि बोअर गावाला दान दिली, फीत कापून.
टाळ्या वाजल्या. तिनंही वाजवल्या.
त्या रात्री तिनं राजीनामा लिहिला नाही.
तो लिहायला आणखी सात महिने गेले,
घरावर पत्रे घालायचे होते.

मग हवासाची प्रयोगशाळा.
वीज येऊन जाऊन, इलेक्ट्रोड एकच,
तो धुवायचा, टिपायचा, अंड्यासारखा जपायचा.
बैलांची हाडं भट्टीत काळी करायची,
कुटायची, चाळायची, नळीत भरायची;
वरून अकरा ओतलं की खालून एकच्या आत.
केसांना हाडांचा वास. बसमध्ये शेजारची जागा रिकामी.
प्राध्यापक वर्कनेह चष्मा पुसत म्हणाले,
आलेख सुंदर आहे. आता गावात ने.

गावात आद्दे दिन्कितूनं नळीवर बोटानं टकटक केलं.
हाडं कुणाची?
बैलाची.
कापला कुणी? कुणाचं नाव घेऊन?

सहाशे नमुने, तीन वर्षं, चौदा आलेख,
एकातही हा रकाना नव्हता.
दातखीळ म्हणतात ती बसली.
म्हातारी वाईट नव्हती. तिनं कॉफी पाजली,
रीतीप्रमाणे तीन फेऱ्या,
त्याच विहिरीच्या पाण्याची.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण तिथून सुरू होतं.
त्यात रसायन कमी, माणसं जास्त:
मशिदीकडचा खाटीक, चर्चकडचा खाटीक,
दोन भट्ट्या, दोन रंगांची झाकणं.
परदेशी परीक्षकानं विचारलं, हे अभियांत्रिकीत बसतं?
ती म्हणाली, पाणी कुठं मुरतंय ते शोधायचं,
मला एवढंच शिकवलंय.
पुढे दोन नियतकालिकांनी लेख मागितला,
ते प्रकरण वगळून.
एकाला तिनं दिला. जागा भरायची होती,
मुलाखतीत छापील पानं मोजत होते.

आता ती शिकवते. सोमवारी पहिल्या तासाला
साठ पोरं, फळा कोरा.
ती पुढे येऊन तोंड उघडते, दात दाखवते,
आधी वरचे, मग खालचे.
मागच्या बाकावर कुणीतरी खुसकन हसतं
आणि हसता हसता हात तोंडावर नेतं.
ती त्या हाताकडे बघत राहते.
मग वही उघडून नाव विचारते, गाव विचारते.
विहीर किती खोल, ते विचारते.